नार्कोलेप्सी: झोप कुठे गाठते त्यावर धोका ठरतो

दुपारचे अडीच. वर्गात किंवा मीटिंगमध्ये वहीत टिपणं घेणं चाललंय. थोड्या वेळाने वही पाहिली तर पहिल्या तीन ओळी सरळ, चौथी उतरत गेलेली, पाचवीत अक्षरांचं गिचमिड, आणि सहावीत विषयाशी काडीचा संबंध नसलेलं भलतंच वाक्य. हात लिहीत होता, मेंदू झोपला होता. डॉक्टरांच्या भाषेत हे ‘ऑटोमॅटिक बिहेवियर’. वहीवर झालं तर एक पान वाया जातं. तळणाच्या कढईपुढे, विहिरीच्या काठावर किंवा स्कूटरवर झालं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अचानक, न आवरणारी झोप येण्याचा मेंदूचा आजार, म्हटलं की घरात कुंभकर्णाचा उल्लेख ठरलेला. पण २४ तासांची बेरीज मांडली तर या रुग्णाची झोप इतरांपेक्षा फारशी जास्त भरत नाही. रात्री ती तुटक होते, चार-पाच वेळा जाग येते, आणि राहिलेली उधारी दिवसा हप्त्याहप्त्याने वसूल केली जाते, तीही सावकाराच्या मर्जीच्या वेळी.

बिघाड कुठे असतो

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. तिथल्या हजारो पेशी ऑरेक्सिन नावाचं रसायन तयार करतात. त्यालाच हायपोक्रेटिन असंही म्हणतात. १९९८ साली दोन वेगवेगळ्या गटांनी ते जवळपास एकाच वेळी शोधलं, म्हणून नावं दोन. जागेपणाचं बटण दाबून धरणं हे ऑरेक्सिनचं काम. पहिल्या प्रकारच्या नार्कोलेप्सीत या पेशींपैकी बहुतेक सगळ्या नष्ट झालेल्या असतात. शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा त्यांच्यावर उलटते, असं मानायला बरीच कारणं आहेत. २००९-१० च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर फिनलंड आणि स्वीडनमध्ये एका विशिष्ट लशीनंतर, तर चीनमध्ये खुद्द फ्लूच्या साथीनंतर मुलांमध्ये नवे रुग्ण वाढलेले दिसले, हे त्यातलं एक.

बटण सैल झालं की झोप आणि जागेपण यांच्यातली भिंत झिरपू लागते. स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, आपले स्नायू मुद्दाम ढिले केलेले असतात, नाहीतर स्वप्नात पळताना आपण खरोखरच पलंगावरून उडी मारू. नार्कोलेप्सीत हा ढिलेपणा जागेपणी घुसतो. जोरात हसू आलं, पत्त्यात हुकमाचा एक्का हाती लागला, जुना मित्र अचानक समोर आला की गुडघे वाकतात, मान पडते, जबडा लोंबतो, हातातला कप सुटतो. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. ती काही सेकंदांपासून दोनेक मिनिटांपर्यंत टिकते, आणि तेवढ्या वेळात माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. आजूबाजूला कोण काय बोललं ते नंतर शब्दशः सांगू शकतो. फिट आणि कॅटाप्लेक्सी यांतला हा मोठा फरक, आणि इथेच निदान चुकतं. दुसऱ्या प्रकारच्या नार्कोलेप्सीत कॅटाप्लेक्सी नसते. झोप मात्र तशीच झडप घालते.

ऑरेक्सिनकडे झोपेखेरीज भूक, चयापचय आणि रक्तदाब यांचेही धागे असतात. त्यामुळे पुढे दिसणारी वजनवाढ किंवा रक्तदाबाचा प्रश्न हा निव्वळ ‘आळसाचा परिणाम’ नाही.

पहिला धोका: रस्ता

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून थोडं जास्त अंतर कापते. तीन सेकंदांच्या डुलकीत ५० मीटर. महामार्गावर ८० चा वेग आणि चार सेकंदांची डुलकी धरली, तर जवळपास ९० मीटर गाडी चालकाविना गेलेली असते. पापण्या मिटायलाच हव्यात असंही नाही. उघड्या डोळ्यांनीही मेंदू असा बाहेर जाऊन येतो. ‘मधला टोलनाका कधी गेला आठवतच नाही’ हे वाक्य नार्कोलेप्सीच्या रुग्णाच्या तोंडून आलं, तर ती गंमत समजू नये.

म्हणून नियम कडक. निदान झालं आणि औषधाने झोप आटोक्यात आलेली नाही, तोवर गाडी चालवायची नाही. आटोक्यात आली की नाही हे स्वतःच्या भरवशावर ठरवू नका, कारण रोज झोपाळू असणाऱ्याला आपण झोपाळू आहोत हेच कळेनासं होतं. झोपेच्या प्रयोगशाळेत जागं राहण्याची एक चाचणी असते: मंद उजेडाच्या खोलीत ४० मिनिटं नुसतं बसायचं आणि झोप लागू द्यायची नाही. ती आणि डॉक्टरांचं मत, दोन्ही पाहून निर्णय घ्यावा. भारतात लायसन्सच्या अर्जासोबत जे शारीरिक योग्यतेचं स्वयंघोषणापत्र भरावं लागतं, त्यात अचानक शुद्ध हरपण्याबद्दल प्रश्न असतो. नार्कोलेप्सी हा शब्द तिथे नसला, तरी उत्तर देण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

परवानगी मिळाली तरी लांबचा पल्ला एकट्याने नको. निघण्याआधी २० मिनिटांची झोप घ्यावी आणि उठल्यावर १०-१५ मिनिटं थांबावं, कारण उठल्याउठल्या डोकं जड असतं. दर तासाला थांबा. कॉफी पिऊन लगेच स्टिअरिंगवर बसण्यात अर्थ नाही, ती अंगी लागायला २०-३० मिनिटं जातात. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, यांनी येणारी झोप काही मिनिटं लांबते, टळत नाही.

दुचाकीचं गणित आणखी वाईट. चालवणाऱ्याचं तर आहेच, पण मागे बसणाऱ्याचाही विचार करा. पाठीमागे बसून डुलकी लागली किंवा पुढच्याच्या विनोदावर हसता हसता अंग ढिलं पडलं, तर धरायला काही नसतं. ज्यांना कॅटाप्लेक्सी आहे त्यांनी मागे बसूनही प्रवास टाळलेला बरा, रिक्षा परवडते. लोकलमध्ये दाराजवळ उभं राहू नये, जागा मिळेपर्यंत एखादी गाडी सोडावी. स्टेशन निघून जाऊ नये म्हणून फोनवर कंपन होणारा गजर उतरण्याच्या पाच मिनिटं आधीचा लावावा.

घर, पाणी, शेत

स्वयंपाकघरात बदल छोटे असतात पण रोजचे असतात. कढई मागच्या बर्नरवर, कान आतल्या बाजूला. चिरणं बसून. तळण आणि पुरणपोळी यांसारखी लांबलचक, एकसुरी, उष्ण कामं औषधाच्या जोरात असतानाच्या वेळेत किंवा घरात दुसरं कोणी असताना. शेगडीवर काही ठेवून ‘जरा पडते’ असं म्हणायचं नाही. आधी बंद, मग आडवं. वेळ लावून आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी या घरांत चैन नाही.

बाथरूमची कडी आतून लावू नये. कढत पाण्याची बादली आधी भरून ठेवण्यापेक्षा आधी गार पाणी, मग गरम. पोहण्याबाबत तडजोड नाही: विहीर, नदी, समुद्र यांत एकट्याने कधीच नाही. पोहण्याच्या तलावातही, कॅटाप्लेक्सी म्हणजे काय हे ठाऊक असलेला माणूस हाताच्या अंतरावर हवा. पाण्यात हसता हसता अंग गळालं, तर ओरडायलाही स्नायू साथ देत नाहीत.

शेतात मळणी यंत्र, कडबाकुट्टी आणि ट्रॅक्टर ही तीन कामं दुसऱ्याकडे द्यावीत. रात्रीच्या विजेच्या पाळीला पाणी द्यायला जाणं हा दुहेरी तोटा: अंधारात झोप लागण्याचा धोका, आणि मोडलेल्या रात्रीमुळे दुसऱ्या दिवशी दुप्पट झोप. कारखान्यातल्या रात्रपाळीलाही हेच लागू. फिरती पाळी असेल तर ती बदलून मागण्यासाठी डॉक्टरांचं पत्र घ्यावं.

तान्ह्या बाळाच्या आईला कॅटाप्लेक्सी असेल, तर एक अडचण कोणी आधी सांगत नाही: बाळ हसलं की आईला आनंद होतो, आणि आनंद हाच झटक्याचा चाप. त्यामुळे दूध पाजणं, खेळवणं जमिनीवरच्या गादीवर बसून, पाठीला भिंतीचा आधार घेऊन करावं. न्हाऊ घालताना दुसरं माणूस हवंच. बाळाला घेऊन जिना उतरू नये.

झटका आला तर बाजूच्याने काय करावं

कांदा हुंगवू नका, चप्पल नाकाशी धरू नका, तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. डोकं आपटणार नाही असं धरा, मान वाकून श्वासाची वाट अडत नाही ना ते बघा, आणि दोन मिनिटं थांबा. त्या माणसाला सगळं ऐकू येत असतं, तेव्हा ‘नाटकं करतोय’ ही टिप्पणीही ऐकू येते. पाच मिनिटांनंतरही सावरला नाही, शुद्ध हरपली, ओठ निळे पडले, डोक्याला मार लागला, तर १०८ ला फोन.

दिसत नाहीत ते धोके

आजार सुरू होतो त्या सुमारास वजन झपाट्याने वाढतं, मुलांमध्ये तर काही महिन्यांत. बऱ्याच जणांचा आहार बदललेला नसतो. लहान मुलांत वयात येणं लवकर सुरू होऊ शकतं. आठ-दहा वर्षांचं मूल अचानक जाड झालं, वर्गात झोपतंय, आणि हसताना जीभ बाहेर येऊन तोंड लुळं पडतंय, हे तिन्ही एकत्र दिसलं तर शाळेच्या तक्रारीआधी मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा.

मोठ्यांनी महिन्यातून एकदा वजन आणि कंबर मोजावी. भारतीय पुरुषांत ९०, बायकांत ८० सेंटिमीटरपुढे कंबर गेली की साखर आणि चरबीच्या तपासण्या वर्षातून एकदा ठरलेल्या. दुपारचं जेवण हा कळीचा मुद्दा आहे. भाताचा डोंगर किंवा उपासाची साबुदाण्याची खिचडी खाल्ली की तासाभरात झापड येते, आणि ती घालवायला चहा-बिस्किटं येतात. भात अर्ध्यावर आणा, उसळ-डाळ-ताक वाढवा, आणि रात्री उठून खाण्याची सवय जडली असेल तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा. या आजारात ती बऱ्याच जणांना असते.

वजन वाढलं की घोरणं येतं, आणि त्यामागे स्लीप अॅप्निया असू शकतो. मग दिवसाची झोप नार्कोलेप्सीची की रात्री श्वास अडकल्याची, हे कळत नाही आणि औषधाचा डोस उगाच वाढत जातो. औषध पूर्वीसारखं काम करेनासं झालं, तर डोस वाढवण्याआधी रात्रीची तपासणी पुन्हा करायला हवी.

रक्तदाब झोपेत साधारण १० टक्के किंवा जास्त उतरतो. नार्कोलेप्सीत हा उतार अनेकांत कमी पडतो. त्यात जागं ठेवणारी औषधं नाडी आणि दाब वाढवू शकतात. दवाखान्यातला एक आकडा पुरेसा नाही: औषध सुरू करण्याआधी, दोन-तीन आठवड्यांनी आणि प्रत्येक डोस बदलल्यावर घरी मोजा. पाच मिनिटं शांत बसून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा.

मनाचा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित. उदासी आणि चिंता इथे सर्रास आढळतात. काही आजारातून, काही वर्षानुवर्षं ‘आळशी’ ऐकून. भीतीदायक अनुभवही भर घालतात: झोप लागताना किंवा जाग येताना खोलीत कोणीतरी उभं दिसतं, छातीवर वजन पडतं, हात हलत नाही. गावाकडे याला ‘बाहेरचं’ समजून अंगारे-धुपारे होतात, शहरात कधी कधी स्किझोफ्रेनियाची गोळी सुरू होते, आणि ती गोळी झोप आणखी वाढवते. ओळखायची खूण सोपी: हे भास झोपेच्या उंबरठ्यावरच येतात, भरदुपारी चालताबोलताना नाही. अशा वेळी सगळं शरीर हलवायची धडपड करू नका. एक बोट किंवा जीभ हलवायचा प्रयत्न करा. कोणी हात लावला तरी झटकन सुटतं. जगणं नकोसं वाटू लागलं तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

निदानाची चाचणी बिघडते कशी

लक्षणं सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत कित्येक वर्षं जाणं नेहमीचं आहे. आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं, दोन्हींची कमतरता आपल्याकडे उदंड. मग झोपेची चाचणी दोन भागांत: रात्रभर तारा लावून नोंद, आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी २० मिनिटांच्या चार किंवा पाच डुलक्या. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली, आणि किमान दोनदा पंधरा मिनिटांत रेम झोप आली, तर निदानाकडे बोट जातं. आदल्या रात्रीच्या नोंदीत झोप लागल्यावर पंधरा मिनिटांत रेम दिसली, तर तीही एक धरली जाते.

ही चाचणी दोन गोष्टींनी हमखास फसते. एक, आधीच्या आठवड्यात झोप अपुरी झालेली असणं. रोज रात्री एकला झोपून पहाटे पाचची लोकल पकडणारा निरोगी माणूसही चाचणीत झोपाळूच दिसेल. म्हणून आधी एक ते दोन आठवडे झोपेची वही लिहायची: आडवं झाल्याची वेळ, उठल्याची वेळ, दिवसाच्या डुलक्या, चहा-कॉफी. दोन, नैराश्यावरची औषधं चालू असणं. ती रेम दाबतात. साधारण दोन आठवडे आधी, फ्लुऑक्सेटिन असेल तर त्याहून बरंच आधी थांबवावी लागतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

औषधं आणि त्यांच्या खोड्या

भारतात सुरुवात बहुधा मोडाफिनिल या जागं ठेवणाऱ्या गोळीने होते, सकाळी उठल्याउठल्या १०० मिलिग्रॅम, मग २००, गरज पडली तर त्याहून पुढे. दुसरा डोस दुपारी बाराच्या आतच. ते शरीरात रेंगाळतं, उशिरा घेतलं तर रात्र मोडते आणि दुसरा दिवस जातो. सुरुवातीची डोकेदुखी बहुतेकांची ओसरते. अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप असं काही आलं तर मात्र गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना.

बायकांना एक गोष्ट औषधाच्या चिठ्ठीसोबतच सांगायला हवी, आणि ती वारंवार राहून जाते: मोडाफिनिल आणि त्याचंच भावंड आर्मोडाफिनिल यांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, ही औषधं थांबवल्यावरही महिना-दोन महिने. तांबी किंवा कंडोम हा पर्याय. गर्भावर दुष्परिणामाची शंका असल्याने मूल हवं असेल तर औषधाची आखणी काही महिने आधी करावी.

मिथाइलफेनिडेट हे जागं ठेवणारं दुसरं औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीत येतं. खास परवाना असलेल्या दुकानातच मिळतं, चिठ्ठीही दोन प्रतींत लागते. शेवटची पट्टी उरेपर्यंत थांबलात तर दिवाळीच्या सुटीत अडकाल.

कॅटाप्लेक्सीसाठी व्हेन्लाफॅक्सिनसारखी औषधं देतात. ती एकदम बंद केली तर कॅटाप्लेक्सी दामदुप्पट होऊन परतते, काही वेळा तासन्तास एकामागून एक झटके येतात. प्रवासात गोळ्यांची एक पट्टी हातातल्या पिशवीत आणि एक सामानात, असं ठेवावं.

अमेरिका-युरोपातल्या वाचकांना सोडियम ऑक्सिबेट माहीत असेल. रात्री दोनदा घ्यायचं द्रव औषध. दारू किंवा झोपेच्या गोळीसोबत ते घेतलं तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. शिवाय नऊ ग्रॅमच्या डोसात सोळाशे मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं, म्हणजे दिवसभराच्या २,००० च्या मर्यादेतलं बरंचसं औषधातच संपलं. लोणचं-पापड-फरसाणाला जागा उरत नाही. कमी सोडियमचं रूप २०२० पासून अमेरिकेत आहे.

सर्दीची साधी गोळी, विशेषतः क्लोरफेनिरामिनवाली, दिवस बुडवू शकते. रक्तदाबासाठीचं प्राझोसिन कॅटाप्लेक्सी वाढवू शकतं, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांना आजाराचं नाव आधी सांगा.

वामकुक्षीचं वेळापत्रक

गोळीच्या जोडीला ठरवून घेतलेल्या डुलक्याही बरंच काम करतात, आणि मराठीला वामकुक्षी हा शब्द शिकवावा लागत नाही. फक्त ती पंधरा ते वीस मिनिटांत संपायला हवी. दोन आठवड्यांच्या वहीत झोप कोणत्या वेळी गाठते ते दिसतं; समजा एक आणि साडेचार, तर डुलकी पावणेएक आणि सव्वाचारला. झोप यायच्या आधी आपण जायचं. रात्री झोपण्याची आणि उठण्याची वेळ रविवारीही तीच, साडेसात-आठ तासांची. कामाच्या ठिकाणी रिकामी खोली किंवा गाडीची मागची सीट आणि गजर एवढंच मागावं लागतं. वरिष्ठांना ‘वीस मिनिटं दिली तर पुढचे तीन तास कामाचे मिळतील’ हा हिशेब आजाराच्या व्याख्येपेक्षा लवकर पटतो.

ऑपरेशन किंवा दाढ काढण्याआधी भूलतज्ज्ञांना नार्कोलेप्सी आणि चालू औषधांची पूर्ण यादी द्यावी, कारण भुलीतून बाहेर यायला वेळ लागू शकतो. पाकिटात एक कार्ड ठेवा: आजाराचं नाव, औषधं आणि डोस, घरच्यांचा फोन, आणि खाली ठळक अक्षरांत, ‘मी शुद्धीवर आहे, डोकं धरा, दोन मिनिटं थांबा.’